कामाच्या ठिकाणी मान आणि नाव कसे कमवावे? सोलापूरकरांचे अनुभव हवे आहेत

अक्कलकोट रोडकर

नमस्कार. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात पर्यवेक्षक आहे. वस्त्रतंत्राची पदविका घेतल्यानंतर माझ्या बरोबरीची बहुतेक मुले हुतात्मा एक्सप्रेस धरून पुण्याला गेली. मी घरच्या कारणांमुळे इथेच राहिलो आणि त्याचे मला वाईटही वाटत नाही. माझी अडचण निराळी आहे.

माझ्या हाताखालचे बहुतेक विणकर वयाने माझ्या वडिलांएवढे आहेत आणि त्यांतील काहींच्या घरात तर आजोबांच्या काळापासून माग आहे. सांगितलेले काम ते करतात, उलट उत्तर कोणी देत नाही आणि तोंडावर सगळे 'साहेब'च म्हणतात. परंतु माग बिघडला, ताण्याचे (उभे) धागे वारंवार तुटू लागले किंवा मालाच्या वजनात फरक पडला की सगळे सरळ जॉबरकडे, म्हणजे माग लावून-दुरुस्त करून देणाऱ्या अनुभवी कारागिराकडे जातात. मालकही मला वगळून त्यालाच विचारतात आणि निर्णय झाल्यानंतर तो मला कळवला जातो. शिवाय आपसांतले सगळे बोलणे तेलुगूत चालते, त्यामुळे समोर उभा असूनही अर्धे मला कळत नाही.

माझे प्रश्न असे आहेत. वयाने आणि अनुभवाने मोठ्या असलेल्या माणसांत खुर्चीपलीकडचा मान कसा मिळवावा? आपण केलेले काम आपणच वरिष्ठांच्या कानावर घालावे, की ते आपोआप दिसेल म्हणून गप्प राहावे? आणि सोलापूरच्या या धंद्यात सगळे सगळ्यांना ओळखतात, तेव्हा सुरुवातीलाच नाव चुकीचे पडले तर ते बदलता येते का? पुस्तकी सल्ल्यापेक्षा इथल्या कामाचा अनुभव असलेल्यांनी लिहावे, ही विनंती.

जुन्या गिरणीतला

आपला प्रश्न वाचून बरे वाटले, कारण हल्ली मुले पगाराचे विचारतात, मानाचे फारसे कोणी विचारत नाही. मी सोलापूरच्या एका गिरणीत विणखात्यात होतो. गिरणी बंद पडली तेव्हा पन्नाशीच्या आत होतो, त्यामुळे पुढे यंत्रमागावरही काम केले.

आधी जॉबरबद्दल सांगतो. 1877 साली या गावात पहिली गिरणी सुरू झाली आणि तिथपासून पुढे कित्येक वर्षे जॉबर हा गिरणीतला मोठा माणूस होता. कामगार कोणी भरायचा, कोणाला चांगला माग द्यायचा आणि कोणाला बदलीवर, म्हणजे कोणी गैरहजर असेल तरच काम देऊन ठेवायचे हे त्याच्या हातात असे. अडीअडचणीला व्याजाने पैसे देणाराही अनेकदा तोच असे. त्याला भिणारे पुष्कळ होते. पण त्याच पद्धतीत काही जॉबर असे होते की त्यांची सत्ता गेली, भरतीचे अधिकार कार्यालयाकडे गेले, तरी लोक त्यांनाच विचारायला जात राहिले. कारण एकच होते: माग बंद पडला तर ते पाना हातात घेऊन खाली बसत, आणि माग सुरू होईपर्यंत उठत नसत. तुमचा जॉबर त्या वळणाचा दिसतो. त्याच्याशी स्पर्धा करण्यात वेळ घालवू नका. त्याच्याजवळ उभे राहा, तो काय करतो ते पाहा आणि न समजलेले सगळ्यांसमोर विचारा. पदविकाधारक माणूस आपल्याला विचारतो आहे, याचे त्याला आणि पाहणाऱ्यांनाही मोल वाटते.

आता मुख्य मुद्दा. आमच्या खात्यात एकाच मागावर पाळीपाळीने दोन विणकर असत. एक विणकर असा होता की भोंगा व्हायच्या आधी दहा मिनिटे तो माग पुसून घेई, तुटलेले धागे एकेक करून गाठी मारून पूर्ण करी, आडव्या धाग्याच्या कांड्यांची पेटी भरून ठेवी, आणि विणलेल्या कापडात कुठे दोष राहिला असेल तर त्या जागी काठाला खडूची बारीक रेघ ओढून ठेवी, म्हणजे पुढच्या माणसाच्या नावावर तो दोष लागू नये. बोलायला तो अगदी बेताचा होता. दुसरा एक होता, हाताने त्याच्यापेक्षा चलाख, पण भोंगा झाला की तुटलेला ताणा तसाच सोडून सायकलकडे पळणारा. पहिल्याच्या मागावर पुढची पाळी मिळावी म्हणून लोक जॉबरच्या मागे लागत. दुसऱ्याचे उत्पादन जास्त भरूनही त्याच्याबरोबर काम करायला कोणी राजी नसे. माणसाचे नाव त्याच्या वरिष्ठाकडे तयार होते असे आपण धरून चालतो. माझ्या पाहण्यात ते बहुतेक वेळा त्याच्यानंतर त्या कामाला हात लावणाऱ्या माणसाकडे तयार झाले आहे.

तुम्ही स्वतःला एवढेच विचारा, की तुमच्या हातून काम पुढे कोणाकडे जाते, आणि त्या माणसाला ते पुन्हा तपासून घ्यावे लागते का.

चाटी गल्ली

वरील प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. मी कापडाचा व्यापारी आहे आणि अनेक कारखान्यांतून माल उचलतो. कारखानदारांचे सोडा, कोणत्या कारखान्यात कोणता कारकून बसतो यावर सुद्धा आम्ही माल कुठून घ्यायचा ते ठरवतो, हे बहुतेक मालकांना ठाऊकही नसेल.

एक उदाहरण देतो. परराज्यात जाणारा पन्नास हजारांवरचा माल असेल तर ई-वे बिल लागते. त्यात गाडीचा क्रमांक चुकला, किंवा ऐनवेळी गाडी बदलली आणि नवा क्रमांक भरायचा राहिला, तर गाडी रस्त्यात अडते, दंडाची भाषा सुरू होते आणि तिकडच्या व्यापाऱ्याचे लग्नसराईचे गिऱ्हाईक हातचे जाते. एका कारखान्यातला कारकून गाडी दारातून सुटण्याआधी स्वतः बाहेर येऊन पाटीवरचा क्रमांक कागदाशी ताडून पाहतो. एवढेच. पण गेल्या कित्येक हंगामांत त्याच्याकडून निघालेल्या गाडीसाठी मला रात्री फोन करावा लागलेला नाही. त्याचा पगार काय आहे मला माहीत नाही. पण दुसऱ्या दोन कारखानदारांनी त्याच्याविषयी माझ्याकडे चौकशी केली आहे, हे मला पक्के माहीत आहे. बाजारात पत म्हणतात ती अशी असते. ती आपल्या पाठीमागे, आपण नसताना वापरली जाते.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल: नाव बदलते, पण बिघडायला लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ सुधारायला लागतो. म्हणून जे जमणार नाही त्याला पहिल्याच दिवशी 'नाही' म्हणावे. 'बघतो', 'करतो', 'उद्या नक्की' या शब्दांनी या गावात जेवढी माणसे बदनाम झाली आहेत, तेवढी खराब मालाने झाली नसतील.

हिशेबनीस

सगळे छान लिहीत आहेत, म्हणून थोडे कडू लिहितो. मी लेखापाल आहे आणि मला कामाच्या जागी भरपूर मान होता. तो कसा होता ते ऐका.

एका ठिकाणी, नाव घेत नाही, माझी ख्याती अशी होती की काम माझ्याकडे दिले की विसरायचे. परिणाम असा झाला की शेजारच्या टेबलावरचा माणूस साडेपाचला उठे आणि त्याची राहिलेली विवरणपत्रे माझ्याकडे येत. पगारवाढीच्या वेळी मात्र सगळ्यांना सारखीच टक्केवारी मिळे. बढतीचा विषय काढला तेव्हा मालक म्हणाले, तुम्हाला या जागेवरून हलवले तर इथे कोण पाहणार? म्हणजे माझे नावच माझ्या आड आले. त्यांनी मला सत्काराची शाल मात्र दिली. ती अजून कपाटात आहे, उत्तम प्रतीची आहे.

कामाला देव मानावे हे आपल्या मातीतच आहे. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात लोकांच्या श्रमांतून तलाव खोदवला, आणि 'कायकवे कैलास', म्हणजे श्रम हाच कैलास, ही शरणांची (बसवेश्वरांच्या परंपरेतील संतांची) शिकवण सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत कितीतरी कार्यालयांच्या भिंतींवर दिसते. मात्र शरणांनी कायकाबरोबर दासोहही सांगितला होता, म्हणजे मिळवलेले वाटूनही घ्यायचे होते. भिंतीवर लावताना तेवढा भाग बाहेर राहतो.

तेव्हा, अक्कलकोट रोडकर, मान जरूर मिळवा; पण त्याची किंमत पगारपत्रकात दिसते आहे की नाही हे दरवर्षी पाहत जा. नेमणूकपत्र घेतले आहे का? भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक तुमच्या नावावर आहे का? उपदानासाठी (ग्रॅच्युइटीसाठी) साधारणपणे सलग पाच वर्षांची सेवा लागते आणि तिचा पुरावा आपल्याजवळच असावा लागतो. ज्याचे कागद पक्के नाहीत, त्याच्या मानाला फक्त गोड बोलण्याचा आधार असतो.

दत्तनगरची

हिशेबनीस यांचा राग खरा आहे, पण त्यावरून मान ही मालकाने फसवण्यासाठी दिलेली वस्तू आहे असा अर्थ निघतो, तो मला मान्य नाही. मान खालूनही मिळतो, आणि अक्कलकोट रोडकर यांचा प्रश्न मुळात त्याच मानाचा आहे.

माझी आई विडी कामगार होती. सोलापुरात हजारो बायका घरी विड्या वळून कारखान्यात नेऊन देतात, हे इथे सांगायला नको. मजुरी हजार विड्यांवर असते, आणि विड्या नेल्या की तिथे एक तपासनीस बसलेला असतो. तो सूप पुढे ओढतो, मूठभर विड्या उचलतो, टोके दाबून पाहतो, आणि नापास म्हणून बाजूला टाकतो. त्या बाजूला पडलेल्या विड्यांचे पैसे मिळत नसत आणि पाने-तंबाखूचा हिशेब मात्र बाईलाच द्यावा लागे. म्हणजे त्या माणसाच्या दोन बोटांवर घरातले त्या दिवसाचे तेल-मीठ ठरत असे.

आईच्या कारखान्यात दोन तपासनीस होते. एक हसून बोलायचा, मुलांची चौकशी करायचा, पण त्याच्या हाताचा नेम नव्हता. ओळखीच्या बाईच्या सुपात पाच निघत आणि भांडकुदळ बाईच्या सुपात पन्नास. दुसरा कधी हसल्याचे आठवत नाही. पण तो बाजूला टाकलेली प्रत्येक विडी उचलून दाखवायचा. हिचे तोंड नीट दुमडलेले नाही, ही पोटात मऊ आहे, हिला पान फाटके लागले आहे. स्वतःच्या नात्यातली बाई आली तरी तेच. बायका त्याच्या रांगेत उभ्या राहायच्या, जरी ती रांग हळू सरकायची. तो सेवानिवृत्त झाला तेव्हा बायकांनी वर्गणी काढून त्याच्या घरी साडी-चोळी आणि टोपी-टॉवेल नेले होते. हसणाऱ्याला कोणी काही दिले नाही.

आपण पर्यवेक्षक आहात, म्हणजे नापास करण्याचा अधिकार आपल्या हातात आहे. कोणाचा टॉवेल कोणत्या कारणाने बाजूला पडला, हे तो विणणाऱ्याला त्याच्या डोळ्यांसमोर, टॉवेल हातात देऊन सांगता का? आणि मालकाच्या भाच्याने पाठवलेल्या विणकराला तेच माप लावता का? या दोन गोष्टी पाहूनच ती माणसे आपल्याविषयी मत बनवत असतील.

होटगी रोड

मी उत्पादन व्यवस्थापक आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. आपले काम आपण सांगावे का? सांगावे, पण विशेषणांत सांगू नये, किलोत सांगावे.

तुम्ही टॉवेलच्या वजनाचा उल्लेख केला आहे, त्यावरूनच दाखवतो. 75 बाय 150 सेंटीमीटरचा टॉवेल दर चौरस मीटरला 500 ग्रॅम या मापाने करायचा असेल, तर त्याचे वजन साडेपाचशे ग्रॅमच्या थोडे वर, नेमके 562 ते 563 ग्रॅम भरले पाहिजे. टेरीच्या मागावर दोन ताणे असतात: एक जमिनीचा, म्हणजे पायाच्या विणीचा, आणि एक उभाराचा, ज्याचे वर फासे होतात. उभाराच्या ताण्याची ओढ सैल झाली की फासे उंच होतात, टॉवेल हाताला छान मऊ लागतो, विणकरालाही बरे वाटते आणि वजन वीस ग्रॅमने वाढते. गिऱ्हाईक तक्रार करत नाही. पण दहा हजार टॉवेलांच्या ऑर्डरमध्ये दोनशे किलो सूत फुकट गेलेले असते. उलट ओढ जास्त झाली तर माल हलका भरतो आणि परत येतो.

जॉबरला हे हाताने कळते, हिशेबाने मांडता येत नाही. तुम्हाला हिशेब मांडता येतो. दर पाळीला प्रत्येक मागावरचे दोन-तीन टॉवेल काट्यावर टाका, आकडे एका कागदावर लिहा, वजन सरकू लागले की आधी जॉबरला दाखवा, आणि त्याने ओढ बरोबर केल्यावर पुन्हा वजन करा. शनिवारी मालकांना एक पानाचा कागद द्या: इतके सूत वाचले, अमुक मागावर अमुक जॉबरने दुरुस्ती केली. त्याचे नाव तुमच्या आधी लिहा. मालक तुम्हाला वगळून जॉबरला विचारतात ते तुमच्यावरच्या रागाने नव्हे. आजवर उपयोगी उत्तर तिथेच मिळत आले, म्हणून विचारतात.

श्रेय वाटण्याबद्दल इथे अनेकांना भीती वाटते, की वाटले तर आपले कमी होईल. माझा अनुभव उलट आहे. जो खालच्या माणसाचे नाव घेतो, त्याच्या कागदावर मालकाचाही विश्वास बसतो, कारण सगळे मीच केले म्हणणाऱ्याचे आकडे कोणीच खरे मानत नाही.

झेडपी गुरुजी

श्रेय वाटण्याचा विषय निघाला म्हणून जिल्ह्यातले एक उदाहरण सांगतो. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तेव्हा दहा लाख डॉलरच्या रकमेतील निम्मी त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटण्याचे जाहीर केले. पुरस्काराचे कौतुक आठवडाभर चालले. वाटणीची चर्चा मात्र शिक्षक-खोल्यांतून पुढे कितीतरी दिवस चालू होती.

बाकी सरकारी नोकरीत वरिष्ठांचा गोपनीय अहवाल आणि गावाचे मत हे दोन वेगळे दस्तऐवज असतात, आणि दोन्ही एकमेकांशी क्वचितच जुळतात, एवढे लिहून थांबतो.

वॉर्ड सिस्टर

भाषेच्या मुद्द्यावर अजून कोणी लिहिले नाही, याचे आश्चर्य वाटते, कारण मला तोच सर्वांत मोठा वाटतो.

मी परिचारिका आहे. सोलापुरातल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात एका वॉर्डात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा कानावर पडतात. अक्कलकोट-इंडीकडून आलेली म्हातारी दुखणे कन्नडमध्येच सांगते, आणि शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या आजोबांना रात्री कळ आली की मराठी सुचत नाही. आमच्या जुन्या मेट्रन बाईंना चारही भाषांतले दुखण्याचे, झोपेचे आणि भुकेचे शब्द येत होते. व्याकरण अगदी मोडके. पण डॉक्टर राऊंडला आले की रुग्ण डॉक्टरांकडे न पाहता बाईंकडे पाहत असत, आणि तरुण डॉक्टरही हळूहळू त्यांच्याकडेच पाहू लागत. आपल्याच गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि तिथे चिनी भाषा शिकून त्या भाषेत काम करू लागले. 1942 मध्ये अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेले, तरी तिकडचे लोक अजून त्यांचे नाव घेतात. शल्यक्रिया करणारे हात इतरांचेही चांगले असतील. पण ज्याच्याशी आपल्या भाषेत बोलता येते, त्याला लोक आपला मानतात.

तेव्हा, दादा, तेलुगू शिका. इतरांवर लक्ष ठेवण्यासाठी शिकता आहात असे त्यांना वाटू देऊ नका. उघडपणे, चुका करत, त्यांनाच विचारून शिका. हसतील, हसू द्या.

आणखी एक. वर जुन्या गिरणीतल्या काकांनी पाळी सोपवण्याचे लिहिले आहे, ते आमच्याकडे शब्दशः लागू आहे. जाणारी सिस्टर प्रत्येक खाटेजवळ उभी राहून येणारीला सांगते: हिचे सलाईन इतक्या वाजता संपेल, ह्यांनी रात्री लघवी केलेली नाही, ह्या बाईंच्या मुलाला फोन लागत नाही. काही जणी टेबलावर बसूनच 'सगळे ठीक आहे' म्हणून निघून जातात. कोणत्या सिस्टरनंतर ड्यूटी लागली की पोटात गोळा येतो, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक असते, आणि हे कुठल्याही अहवालात लिहिलेले नसते.

अक्कलकोट रोडकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दत्तनगरच्या ताईंचा प्रतिसाद वाचून मी काल नापास माल बाजूला काढण्याची आमची पद्धत पाहिली. आमच्याकडे तपासणी शेवटी, शिलाईनंतर होते आणि दोषी टॉवेल ढिगात जातो. विणकराला आठवड्याच्या हिशेबात कपात दिसते तेव्हाच कळते. कोणता टॉवेल, कोणता दोष, हे त्याला कधीच दाखवले जात नाही. ही पद्धत मी येण्याआधीपासूनची आहे, पण बदलता येण्यासारखी आहे.

होटगी रोड यांनी सांगितलेले वजन जॉबरना दाखवले. ते आधी काही बोलले नाहीत. मग स्वतःहून तीन नंबरच्या मागाजवळ घेऊन गेले आणि उभाराच्या बीमची (ताणा गुंडाळलेल्या रुळाची) ओढ कशी पाहायची ते हात धरून दाखवले. तेलुगूच्या बाबतीत, चहाच्या वेळी मी दोन वाक्ये बोललो आणि त्यावर इतका हशा पिकला की मी नेमके काय बोललो ते अजून कोणी सांगायला तयार नाही.

आता दोन शंका उरल्या आहेत. हिशेबनीस यांनी सांगितलेली वेळ माझ्यावर येऊ नये म्हणून काय करावे? आणि आमच्याकडे मालकांच्या कानाला लागणारे एक-दोघे आहेत; त्यांचे काय करावे?

हिशेबनीस

नेमणूकपत्राचे आधी पाहा, ते अजून सांगितले नाहीत. दुसरे म्हणजे आपल्या जागेवर आपल्यानंतर बसू शकेल असा माणूस तयार करा. मला कोणी तयार करू दिला नाही, आणि मलाही तेव्हा आपल्याशिवाय अडते याचे सुख वाटत होते. ज्याच्यावाचून अडते, त्याला पुढे पाठवत नाहीत. तुम्ही त्या वजनाच्या नोंदी एखाद्या होतकरू विणकराला शिकवा. पगाराचे बोलायला जाल तेव्हा दोनशे किलोचा तो कागद बरोबर न्या. मालकांना सुताचा भाव पाठ असतो, गुणाकार ते स्वतः करतील.

जुन्या गिरणीतला

हिशेबनीस म्हणतात ते नाकारण्यात अर्थ नाही. आमची गिरणी बंद झाली, तेव्हा ज्यांना खात्यात सर्वांत जास्त मान होता त्यांनाही थकलेल्या पैशांसाठी इतरांसारखेच रांगेत आणि मोर्चात उभे राहावे लागले. नावाने तिथे काही मिळाले नाही. पण त्यानंतर काय झाले तेही मी पाहिले आहे. खडूची रेघ ओढणाऱ्या त्या विणकराला दुसऱ्याच महिन्यात साखर पेठेतल्या एका कारखानदाराने घरी येऊन विचारले, आणि त्याची शिफारस केली होती ती त्याच्याच मागावर दुसऱ्या पाळीला काम करणाऱ्याने. गिरणीच्या कार्यालयाने दिलेला दाखला कोणी वाचलाही नाही. इतरांपैकी कितीतरी जण रिक्षाकडे, हमालीकडे वळले, आणि त्यांतही हाताने चांगले असलेले होते.

कानाला लागणाऱ्यांविषयी: त्यांच्याविरुद्ध तुम्ही मालकांकडे जाऊ नका, म्हणजे त्यांच्यात तुमची भर पडेल. तुमच्या पाळीत जे घडते ते तुमच्याकडून, त्याच दिवशी, चांगले-वाईट दोन्ही मालकांना कळत असेल, तर चहाडीला विकायला नवीन काही राहत नाही. माग तासभर बंद होता हे मालकांना तुमच्या कागदावर सकाळीच दिसले, तर दुपारी तीच बातमी घेऊन येणारा माणूस मूर्ख ठरतो.

त्यासाठी पाळीची एक साधी नोंदवही ठेवा. माग क्रमांक, किती वेळ बंद, कशामुळे, कोणी सुरू केला, पुढच्या पाळीने काय पाहावे. पहिले काही दिवस ती तुम्हीच लिहा आणि कोणाच्या सह्या मागू नका, नाहीतर लोकांना वाटेल की हे कपातीसाठी चालले आहे. रात्रपाळीचा माणूस स्वतःहून वही उघडून पाहू लागला, की मग त्याच्या हातात पेन द्या.

चाटी गल्ली

काकांच्या वहीत एक रकाना माझ्यातर्फे वाढवा: सुताच्या रंगाईचा लॉट क्रमांक, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या सुताचा क्रमांक. रात्री बाण्याचे (आडवे) सूत संपले आणि शेजारच्या पोत्यातले दुसऱ्या लॉटचे लावले, तर टॉवेलमध्ये रंगाचा पट्टा येतो. ट्यूबलाइटखाली तो कोणाला दिसत नाही. माझ्या दुकानाच्या दारात, उन्हात, गिऱ्हाईकाला पहिल्या नजरेत दिसतो. असा माल परत आला की विणकर रंगाईवर ढकलतो, रंगाईवाला विणकरावर, आणि मधल्या पर्यवेक्षकाला दोन्हीकडून ऐकावे लागते. वहीत लॉट लिहिलेला असेल तर पाच मिनिटांत उलगडा होतो आणि विनाकारण कोणाची मजुरी कापली जात नाही. लॉट बदलायचाच झाला तर टॉवेलच्या मधोमध बदलू देऊ नका. चालू टॉवेल संपल्यावर, पुढच्याच्या सुरुवातीला बदलायला सांगा.